हाडातलं, काळजातलं

तलावात मुलं पाय मारत होती आणि ऋजुता भोळे काठावर उभी राहून ओरडत होती, "गुडघ्यातून नाही रे, कमरेतून!" तेवढ्यात तिच्या कानातला मणी किणकिणला. आईचा फोन. आई दिवाळीला फोन करायची, वाढदिवसाला करायची. असा मधल्याच कुठल्या तरी मंगळवारी सकाळी कधीच नाही.

"ऋजू, हृषीला लागलंय गं."

"लागलंय? कुठे? पडला का?"

"पडला नाही. दिसत नाही असं काहीतरी लागलंय. खांदा तेवढा लाल झालाय, बाकी अंगावर ओरखडा नाही. आणि डॉक्टर म्हणतात, आतून हाडं रिकामी होणार."

हृषीकेश हा ऋजुताचा चार वर्षांनी धाकटा भाऊ. कोकणातल्या एका प्रकल्पावर तो हायड्रोजन वाहून नेणाऱ्या नळांचे सांधे तपासायचा. डॉक्टर हाडाचा एक्स-रे काढतात तसा हा पोलादाचा काढायचा. पोलादातून आरपार जायला फार जोरकस किरण लागतात आणि ते इरिडियमच्या एका दाण्यातून निघतात. दाणा असतो तांदळाएवढा. तारेच्या टोकाला बसवलेला हा दाणा एका लवचिक नळीतून बाहेर ढकलायचा आणि छायाचित्र झालं की शिशाच्या पेटीत परत ओढून घ्यायचा. त्या दिवशी तार परत आली, दाणा आला नाही. तो नळीतच सुटून राहिला होता. धोक्याची घंटा बिघडलेली होती. हृषीने नळीची वेटोळी केली, खांद्यावर टाकली आणि गप्पा मारत मारत तो गोदामापर्यंत चालत गेला. संध्याकाळी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या.

ऋजुताने मुलांना पाण्याबाहेर काढलं, घरी पाठवलं आणि ती ओल्या फरशीवर बसून राहिली. भावाशी ती कित्येक वर्षांत धड बोललेली नव्हती.

दहा वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. औषधांनी हटला नाही, तेव्हा भुसावळहून तिला मुंबईला नेलं. तिची स्वतःची अस्थिमज्जा जाळून टाकून तिथे दुसऱ्या कुणाची तरी रुजवायची, एवढाच उपाय उरला होता. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. जुळला एकटा हृषी. तो सहा वर्षांचा होता. त्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली, ऋजुताच्या हातातल्या शिरेतून आत सोडली आणि ऋजुता वाचली.

इथवर सगळं चांगलंच झालं. बिनसलं ते पुढे. उज्ज्वलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईने, ही गोष्ट घराच्या देव्हाऱ्यात नेऊन बसवली. ऋजुता वर्गात पहिली आली तर हृषीमुळे. बहीणभावात भांडण झालं तर, "ज्याने जीव दिला त्याच्यावर हात उगारतेस?" मुलगी बघायला पाहुणे आले की आई पोह्यांच्या आधी ती गोष्ट सांगायची, आणि पाहुणे पोहे खाऊन उठायचे. पुढे ऋजुताला लग्नाची हौसच उरली नाही. हृषीलाही ती गोष्ट कमी जाचली नाही. देवासारखा म्हणून वाढवलेल्या मुलाला साधं नापास व्हायचीही सोय नसते, आणि तो तर दोनदा नापास झाला. मग ऋजुता धरमतरहून गेटवेपर्यंत समुद्र पोहून आली. भुसावळला तिचा सत्कार झाला. कुणीतरी हृषीला दोन शब्द बोलायला उभं केलं. तो म्हणाला, "पोहली ती, पण हाडं पोखरली माझी. हार मला घाला." लोक हसले. ऋजुताने गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि ती मिळेल त्या गाडीने नाशिकला निघून आली. ती परत गेली नव्हती.

आता मात्र ती पुण्याच्या वेगवान गाडीत बसली.

*

पुण्याच्या त्या पेशी-उपचार केंद्रात डॉ. नसीम तडवी यांनी तिला खुर्ची दिली. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर सरकवायची सवय असलेल्या बाई होत्या.

"भुसावळच्या ना तुम्ही? मी यावलची. म्हणजे शेजारीच." मग त्यांनी उगाच घोळवलं नाही. "ऋजुताताई, तुमच्या भावाची मज्जा किरणांनी मेली आहे. अजून रक्तात जुन्या पेशी आहेत, त्या संपत आल्या की नवीन बनवणारं कुणी नसेल. दुसऱ्याची मज्जा आम्ही देऊ शकतो, आजकाल अर्धी जुळली तरी चालते. पण परकी मज्जा रुजवायची तर कडक औषधं द्यावी लागतात, आणि त्याची फुप्फुसं, आतडी आत्ताच भाजलेली आहेत. त्याला ती औषधं झेपायची नाहीत. त्याला हवी त्याची स्वतःची मज्जा."

"ती तर मेली म्हणालात."

"त्याच्या अंगातली मेली," डॉ. तडवी म्हणाल्या. "तुमच्या अंगात आहे ना."

ऋजुता त्यांच्याकडे बघत राहिली. रक्तगट बदलला होता हे तिला माहीत होतं. पण इतक्या वर्षांत आपल्या हाडांच्या आत जे काही रक्त बनवतंय ते अजूनही सहा वर्षांच्या हृषीचं आहे, असा विचार तिने कधी केला नव्हता.

डॉक्टरांनी कागद ओढून एक हाड काढलं. "बघा, मूळपेशी शिरेतून सोडल्या की त्यांना कुणी पत्ता देत नाही. त्या रक्ताबरोबर फिरत राहतात. पुष्कळशा फुप्फुसात, प्लीहेत अडकतात, वाया जातात. पण हाडांच्या आतून एक रसायन पाझरत असतं. समजा, हाक म्हणा. मूळपेशीच्या अंगावर ती हाक ऐकणारे कान असतात. हाक आली तिथे ती शिरेच्या भिंतीला चिकटते, थोडी गडगडते, फटीतून पलीकडे शिरते आणि एक कोपरा धरून बसते. तिथेच तिचा संसार. रिकामं झालेलं हाड तर जास्तच जोरात हाका मारतं. म्हणून तर हे सगळं जमतं."

"मग काढायच्या कशा?"

"एक इंजेक्शन आहे. ते त्या पेशींचे कान बंद करतं. हाक ऐकू येईनाशी झाली की पेशी जागा सोडतात, रक्तात उतरतात आणि आम्ही यंत्राने गाळून घेतो. दुखत नाही, खुपत नाही." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पण त्याआधी तुमची वाय-चाचणी करू. तुम्ही बाई, तुमच्या पेशीत वाय गुणसूत्र नाही. हृषीच्या पेशीत आहे. आता आमच्याकडे असं द्रव्य आहे की ते फक्त वाय असलेल्या पेशींना चिकटतं आणि बाहेरून चमकताना दिसतं. तुमच्या अंगात तो कुठे कुठे राहतोय ते कळेल."

तो कुठे कुठे राहत होता ते दुसऱ्या दिवशी पडद्यावर दिसलं. पाठीचा कणा उजळला होता, फासळ्या, छातीचं मधलं हाड. कमरेच्या हाडांत उजेड विरळ होता, कारण लहानपणी तिथे किरण दिले होते. आणि छातीच्या डाव्या बाजूला, जिथे हाड नव्हतं तिथे, एक जाड चमकतं कडं होतं.

"हे काय?" ऋजुताने विचारलं.

डॉ. तडवी बराच वेळ त्या कड्याकडे बघत होत्या. "तुम्हाला लहानपणी ते लाल औषध दिलं होतं का? सलाइनमधून?"

"हो. त्याने हृदय कमजोर झालं म्हणाले होते. पंधराव्या वर्षी डॉक्टरांनी जिना चढायलाही बंदी केली होती. मग विशीत आपोआप सुधारलं. कुणालाच कळलं नाही कसं."

"आपोआप नाही सुधारलं. जखमी हृदयही तशीच हाक मारतं, हाडासारखी. हृषीच्या काही पेशी ती हाक ऐकून तिथे गेल्या. त्या हृदयाचा स्नायू झाल्या नाहीत, तसं होत नाही. पण त्यांनी तिथे वस्ती केली. बारीक रक्तवाहिन्या जपल्या, व्रण वाढू दिला नाही. इतकी वर्षं त्या दुरुस्ती करताहेत." त्यांनी खुर्ची ऋजुताकडे वळवली. "म्हणूनच आता मला तुम्हाला दुसरी गोष्ट सांगायला हवी. इंजेक्शन कान बंद करतं ते सगळीकडचे. हाडातल्या पेशी सुटतील तशा या पण सुटतील."

"परत जाणार नाहीत?"

"काही जातील. किती, ते कुणालाच माहीत नाही. तुमच्यासारखी बाई आमच्याकडे याआधी आलेली नाही."

"दुसरा काही मार्ग?"

"जुना. सुई घालून कमरेच्या हाडातून मज्जा ओढायची. हृदयाला धक्का नाही. पण तुमची तिथली मज्जा विरळ, हाती थोडीच येईल. ती शिरेतून न देता सरळ त्याच्या हाडात सोडायची, म्हणजे वाटेत वाया जाणार नाही. रुजेलही. पण हळूहळू. तोवर त्याच्या अंगात जंतूंशी लढायला कुणी नसेल. साधा ताप आला तरी तो जाऊ शकतो." त्या थांबल्या. "इंजेक्शन घेतलंत तर धोका तुम्हाला. सुई घेतली तर धोका त्याला. मी कुणाच्या वतीने निवडणार नाही. त्यालाही सगळं सांगणार आहे, माझ्याकडे तसा नियम आहे."

*

उज्ज्वलाबाई रुग्णालयाच्या धर्मशाळेत उतरल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, पाठीचा कणा अजून ताठ. ऋजुताने त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पदराने ओठ पुसले आणि विचारलं, "इंजेक्शन कधी देणार?"

"आई, मी आत्ता काय सांगितलं?"

"ऐकलं मी. कदाचित होईल काहीतरी, असं म्हणाल्या ना त्या? होईलच असं नाही म्हणाल्या. आणि तो तर जातोयच." त्यांचा आवाज चढला नाही. "तुझ्या अंगात आहे ते त्याचंच आहे, ऋजू. त्याचं त्याला द्यायला एवढा विचार कसला?"

ऋजुता उठून खिडकीशी गेली. तिला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं. नाशिकहून निघताना तिने मनाशी ठरवलंच होतं की मागतील ते द्यायचं, जन्माचं ओझं एकदाचं उतरवायचं आणि मोकळं व्हायचं. आता आईने तेच म्हटलं, तर तिच्या तोंडून हो निघेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पर्वतीला गेली. डोकं ताळ्यावर आणायचं तर तिला पाणी लागायचं. ते नव्हतं म्हणून पायऱ्या. ती भराभर चढत गेली. वाटेत जाडजूड माणसं कठड्याला टेकून धापा टाकत होती. दोन आजोबा एकमेकांना "चला हो, आता थोडंच" असं म्हणत होते आणि हलत नव्हते. वर पोचल्यावर तिने छातीवर हात ठेवला. ठोके जलद होते, पण एकसारखे, भरीव. तिला पंधराव्या वर्षातली ती आठवली, शाळेच्या मैदानाकडे पाठ करून खिडकीत बसणारी, जिन्याच्या मध्यावर ओठ निळे पडणारी. आणि मग पहिल्यांदा पाण्यात उतरलेली, काठापासून काठापर्यंत गेलेली, पलीकडच्या काठाला धरून रडलेली.

खाली शहर जागं होत होतं. ऋजुताला वाटलं, मला हे हवंय. हे हृदय मला हवंय. भाऊ मरायला टेकलाय आणि मला हे हवंय. तिला स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटूनही ते वाटणं जाईना. बराच वेळ ती तिथे बसून राहिली. मग उतरली आणि थेट हृषीला भेटायला गेली.

*

हृषी काचेच्या खोलीत होता. केस गेलेले, खांद्यावर जाड पट्टी. बहिणीला बघून तो उशीवर थोडा वर सरकला. बोलायला काचेत एक गोल जाळी होती. ऋजुता स्टूल ओढून तिच्याजवळ बसली.

"काळी झालीस," हृषी म्हणाला.

"तलावाला छप्पर नाही. तू कसा आहेस?"

"तोंड आलंय. बाकी ठीक." तो थांबला. "ताई, डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. सगळं सांगितलं त्यांनी. मी म्हटलंय की सुईच..."

"थांब!" ऋजुता इतक्या जोरात म्हणाली की पलीकडची परिचारिका वळून बघायला लागली. "पुढे बोलू नकोस. आधी मला बोलू दे."

"अगं, पण मी तेच..."

"माहीत आहे तू काय म्हणणार ते. तू म्हणशील, ताई, इंजेक्शन नको, तुझं हृदय सांभाळ. आणि मग हेसुद्धा तूच दिलेलं होईल. मला नकोय ते. माझं मला म्हणू दे."

हृषीने मान हलवली.

ऋजुताने हात मांडीवर घट्ट धरले होते. "मला इंजेक्शन घ्यायचं नाही. मला भीती वाटते. मला पोहायचंय, मला जगायचंय, आणि तुला काही झालं तर हे मी जन्मभर विसरणार नाही हेही मला माहीत आहे. तरी मी नाही म्हणतेय. हाडातलं देईन. म्हणशील तितक्या वेळा सुई टोचून घेईन. काळजातलं नाही देणार."

काचेपलीकडे हृषी तिच्याकडे बघत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडतोय. पण तो हसत होता, फुटलेले ओठ दुखू नयेत म्हणून बेताने.

"ताई, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तू मला कशाला तरी नाही म्हणालीस. तुझी सायकल पण तू मला आधी द्यायचीस. मला तुझा इतका राग यायचा ना! वाटायचं, ही कधी भांडणार?"

"मला भांडायची परवानगी होती का?"

"मला तरी कुठे होती?" हृषीने डोळे मिटले. "मला आगगाडीचं इंजिन दाखवायला नेतो म्हणून मुंबईला नेलं होतं. जाग आली तर कमरेला पट्टी. बाबा होते तेव्हा, त्यांना विचारलं, इंजिन कुठाय? ते रडायलाच लागले. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मग सगळे म्हणायला लागले, तू दिलंस, तू दिलंस. मी कुठे दिलं होतं? घेतलं होतं माझ्याकडून. ते सत्काराला बोललो ना मी, ते तुला नव्हतं बोललो. ते त्या सगळ्यांना होतं. पण लागलं तुला."

"लागलं," ऋजुता म्हणाली.

"हं."

आत यंत्र टिकटिक करत होतं.

"सुईने थोडंच मिळेल," ऋजुता म्हणाली. "तुला धोका आहे."

"मला समजलंय ते. मी त्यालाच हो म्हणतोय. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी." हृषीने डोळे उघडले. "उद्या तुझं हृदय बंद पडलं तर आई माझ्याकडे कशी बघेल, विचार कर. मला ते नको. तू ते जन्मभर सोसलंस, मी बघितलंय."

*

आईला ऋजुताने स्वतः सांगितलं. उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "बरं." त्यानंतर त्या मुलीशी बोलल्या नाहीत. एकाच धर्मशाळेत, एकाच खोलीत, दोन खाटांवर दोघी झोपायच्या आणि आई भिंतीकडे तोंड करायची.

ऋजुताला पालथं झोपवून कमरेच्या दोन्ही हाडांतून मज्जा काढली. हाती आली ती अपेक्षेपेक्षाही थोडी. डॉ. तडवींनी त्या पेशींना लोहाच्या अतिसूक्ष्म कणांची खूण लावली, म्हणजे त्या कुठे जातात ते चुंबकीय चित्रात काळ्या ठिपक्यांसारखं दिसेल, आणि हृषीच्या उजव्या कमरेच्या हाडात हळूहळू सोडल्या.

मग वाट बघणं आलं. रोज सकाळी रक्त तपासलं जायचं आणि रोज आकडा तोच असायचा, नसल्यासारखा. दुसऱ्या आठवड्यात हृषीला ताप चढला. फुप्फुसात संसर्ग झाला होता. त्याला बोलता येईना. ऋजुता काचेबाहेर बसून राहायची. उज्ज्वलाबाई दुसऱ्या टोकाला बसायच्या. एकदा पाण्याची बाटली भरायला त्या तिच्या समोरून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "बघ." एवढंच. त्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली.

"इंजेक्शन आता दिलं तर?"

"घ्यायचंय तुम्हाला?" डॉ. तडवींनी विचारलं.

ऋजुताने पुष्कळ विचार केला. "नाही," ती म्हणाली. "पण सुई परत घाला. अजून थोडं निघेल का?"

"लवकर होतंय. हाडं अजून भरली नसतील. फार दुखेल."

"घाला."

दुसऱ्या वेळी खरंच फार दुखलं. शुद्धीवर आल्यावर तिला कूस बदलता येईना. खोलीत कुणीतरी आलं होतं. उज्ज्वलाबाई पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी मुलीच्या पायांवरची चादर सारली आणि पाय चेपायला घेतले, टाचांपासून पोटऱ्यांपर्यंत, कॅन्सरच्या दिवसांत चेपायच्या तसे. ऋजुताने डोळे मिटून घेतले. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "मला एकाच वेळी दोघांची आई होता आलं नाही गं." ऋजुताने पाय तसेच आईच्या हातात राहू दिले.

दुसऱ्यांदा निघालेली मज्जाही हृषीच्या त्याच हाडात सोडली. ताप चार दिवसांनी उतरायला लागला. त्यानंतर एका सकाळी रक्ताचा आकडा हलला. इतका थोडा हलला की डॉ. तडवींनी तपासणी पुन्हा करायला लावली. मग त्यांनी हृषीचं चुंबकीय चित्र काढलं आणि आई-मुलीला आत बोलावलं.

"हे उजवं कमरेचं हाड. इथे आपण पेशी सोडल्या. काळे ठिपके दिसतायत ना? आणि हे बघा." त्यांनी चित्र वर सरकवलं. छातीच्या मधल्या हाडात ठिपके होते. कण्याच्या तीन मणक्यांत होते. डाव्या कमरेच्या हाडात तर पुंजकाच होता. "इथे आपण काहीही सोडलं नव्हतं. उजवीकडे जरा बस्तान बसलं आणि त्यांतल्या काही उठून निघाल्या. जळून गेलेली हाडं हाका मारतच होती. ज्यांना ऐकू आलं त्या गेल्या."

उज्ज्वलाबाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या. "एवढ्या वर्षांनी ओळखलं त्यांनी घर?"

"ओळखलं की नाही ते मला सांगता येणार नाही," डॉ. तडवी म्हणाल्या. "पण राहायला लागल्या."

*

हृषी उन्हाळ्यानंतर घरी आला. पूर्ण बरा नाही. खांदा वर उचलत नव्हता, धाप लवकर लागायची, किरणांचं काम तर कायमचं सुटलं. पण रक्त त्याचं त्याला पुरत होतं. त्याच्याबरोबर ऋजुताही सत्कारानंतर पहिल्यांदाच भुसावळला गेली, आणि उज्ज्वलाबाईंनी भरिताची वांगी भाजली. ऋजुताच्या ताटात पूर्वीसारखंच पिठलं वाढलं, कारण वांग्याने तिच्या अंगावर गांधी उठायच्या. हृषीने भरिताचे दोन घास खाल्ले आणि त्याच्या मानेवर लालभडक चट्टे आले. खानदेशातला माणूस, जन्मभर भरीत खाल्लेला! फोनवर डॉ. तडवी मनापासून हसल्या. कशाशी भांडायचं ते ज्या पेशी ठरवतात त्यांच्यापैकी काही मज्जेबरोबर आल्या होत्या, आणि त्यांचं शिक्षण ऋजुताच्या अंगात झालं होतं.

"माझ्याच पेशी," हृषी अंग खाजवत म्हणाला, "तुझ्याकडे राहून बिघडल्या."

"शिकल्या म्हण," ऋजुता म्हणाली, आणि आईने दोघांना पिठलं वाढलं.

दिवाळीच्या सुमारास ऋजुता तपासणीसाठी पुण्याला गेली. कमरेची हाडं कशी भरली आहेत ते बघायचं होतं. पडद्यावर हाडं छान उजळली होती. डॉ. तडवी मात्र छातीच्या डाव्या बाजूला बघत होत्या. ते कडं पूर्वीपेक्षा बारीक झालं होतं.

"मी इंजेक्शन घेतलं नव्हतं," ऋजुता म्हणाली.

"नव्हतं. पण तुमची हाडं आपण दोनदा उपसली. रिकामी हाडं हाका मारतात. हृदयातल्या काही पेशींनी ती हाक ऐकली असावी." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "इंजेक्शनने सगळ्या एका झटक्यात सुटल्या असत्या. या थोड्या सुटल्या, आपल्या चालीने. हृदयाची ताकद किंचित कमी झाली आहे. तलावात खुशाल पोहा. समुद्र मात्र आता नको. वर्षातून दोनदा येत चला. पुढे काय होईल ते खरंच मला माहीत नाही."

परतीच्या गाडीत ऋजुताने खिडकीशी डोकं टेकलं. राग यावा असं तिला वाटत होतं. कुणाचा, ते ठरेना. तिने स्पष्ट नाही म्हटलं होतं आणि शरीराने तिला न विचारता स्वतःचं काहीतरी ठरवलं होतं. संगमनेर मागे पडल्यावर तिने हृषीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आईला तिने ते सांगितलं नाही.

हृषी म्हणाला, "म्हणजे शेवटी काळजातलं पण गेलंच."

"गेलं. पण तुझ्याकडे नाही गेलं. माझ्याच हाडात गेलं."

"नक्की?"

"चित्रात बघितलंय मी."

"बरं," हृषी म्हणाला. त्याचा श्वास फोनवर ऐकू येत होता. "उद्या येऊ का मी नाशिकला?"

"ये."

तो आला. सकाळी मुलांचा वर्ग सुटल्यावर तलाव मोकळा झाला, तेव्हा ऋजुता पाण्यात उतरली. पहिली फेरी तिने मुद्दाम सावकाश घेतली. छातीकडे लक्ष ठेवून, हात लांब टाकत, पाणी मागे सारत. पलीकडच्या काठाला जाऊन ती वळली, तर हृषी चपला काढून काठाने तिच्या बरोबरीने चालत आला होता आणि धापा टाकत होता.

"दमलास?"

"थोडा. तू?"

"थोडी."

"मग थांबूया की जरा," असं म्हणून तो पाण्यात पाय सोडून तिच्याशेजारी बसला.